अण्णांचा रुमाल आणि माझं बटण

पेठ वडगावात सोमवारी जनावरांचा बाजार भरतो. तिथे म्हशीची किंमत कुणी तोंडानं बोलत नाही. घेणारा आणि दलाल हातात हात देतात, वर रुमाल टाकतात आणि आत बोटं दाबून आकडा ठरतो. कोणतं बोट म्हणजे किती आणि मूठ आवळली म्हणजे काय, हे बाजाराबाहेर सांगायचं नसतं, म्हणून मीही सांगणार नाही. भोवती माणसं खांद्याला खांदा लावून उभी असतात, दलाल तोंडानं ऊस किती वाढला ते विचारत असतो आणि रुमालाखाली वेगळंच काही चाललेलं असतं. मग तो घेणाऱ्याचा हात सोडून विकणाऱ्याचा धरतो, परत रुमाल. रुमाल उचलला की म्हैस एकतर विकलेली असते, नाहीतर नसते. मधलं काही कुणाला कळत नाही.

मी त्या बाजाराची वेबसाइट चालवायचो. लोक हसतात, पण खरं आहे. आणि त्या साइटवर मी एकदा असं एक बटण बसवलं की चाळीस वर्षं न उघडलेला रुमाल भर बाजारात उघडा पडला. त्याची ही हकिगत.

माझं गाव गोंदियाच्या पलीकडे, जंगलाच्या कडेला. नववीत नापास झालो आणि शाळा सुटली. घरी बसून सगळ्यांची तोंडं बघण्यापेक्षा गेलेलं बरं, म्हणून सोळाव्या वर्षी स्टेशनावर आलो. समोर महाराष्ट्र एक्सप्रेस उभी होती. खिडकीतल्या बाबूनं विचारलं, कुठपर्यंत? मी म्हणालो, गाडी जिथवर जाते तिथवर. ती कोल्हापूरला संपते, म्हणून मी कोल्हापूरचा. दुसरं काही कारण नाही. लक्ष्मीपुरीतल्या एका छापखान्यात लग्नपत्रिका जुळवायच्या कामाला लागलो, तिथे कॉम्प्युटर आला, तो मला आवडला आणि मी त्याला. इंग्रजी पुस्तकं शब्दकोश मांडीवर घेऊन वाचली. एक पान वाचायला एक संध्याकाळ जायची. पण शिकलो. या गावानं मला कधी उपाशी ठेवलं नाही, हे आधी लिहून ठेवतो. फक्त माझ्या बोलण्यातल्या ‘जी’ला सगळे हसायचे आणि मला ‘गोंदियाचं पावणं’ म्हणायचे. प्रेमानंच म्हणायचे. पण पावणा म्हणजे कधीतरी परत जाणारा माणूस, असं मला आतून टोचत राहायचं.

अण्णा छापखान्यात पावतीपुस्तकं छापायला आले होते. बाजारातले जुने दलाल. पांढरा सदरा, धोतर, खांद्यावर लाल चौकड्यांचा रुमाल. माझ्या पडद्यावर कुणाच्या तरी पत्रिकेतला गणपती होता. तो बराच वेळ न्याहाळून म्हणाले, “पावणं, ह्यात म्हस बसंल का?”

मी म्हटलं, बसेल जी.

त्यातून साइट झाली. विचार साधा होता. कागलहून नाहीतर कबनूरहून जनावर आणायचं म्हणजे टेम्पो आला, माणूस आला आणि गिऱ्हाईक नाही जमलं तर तेच सगळं उलट. त्यापेक्षा आधी अंदाज घ्यावा. विकणाऱ्यानं म्हशीचा फोटो टाकायचा आणि वेत कितवं, म्हणजे कितव्यांदा व्यायली, दूध किती, दात किती, एवढं लिहायचं. शिवाय एक रकाना होता, ‘आतली किंमत’. याच्या खाली मी सोडणार नाही, तो आकडा. तो फक्त विकणाऱ्याला दिसायचा आणि अण्णांना. घेणाऱ्यानं आपली मागणी टाकायची. त्याचं नाव दिसायचं नाही, नुसता नंबर. मागणी आणि आतली किंमत जवळ आल्या की अण्णा दोघांना निरोप द्यायचे, सोमवारी या. शेवटचा व्यवहार रुमालाखालीच व्हायचा. ही अण्णांची पहिल्या दिवसापासूनची अट.

त्या अटीला कारण होतं. कडबाकुट्टीच्या यंत्रात त्यांच्या उजव्या हाताचं पहिलं बोट अर्धं गेलं होतं. रुमालाखाली कुणीही हात घातला आणि अर्धं बोट लागलं की त्याला कळायचं, हे अण्णा. “बाजारात सगळ्यास्नी लपता येतं, मला एकट्याला येत न्हाय,” ते म्हणायचे. “म्हनून दुसऱ्याचं झाकायचं काम माझ्याकडं.”

मला कामावर घेताना त्यांनी एकच प्रश्न विचारला होता, शिक्षण किती. मी म्हणालो, बारावी. तोंडातून गेलं ते गेलं. पुढची काही वर्षं ती बारावी माझ्या छातीवर बसून होती. अण्णांनी कधी दाखला मागितला नाही, पण प्रत्येक नव्या वर्षी मला वाटायचं, आता मागतील.

साइट चालली. त्रास एकाच गोष्टीचा होता, पासवर्ड. रविवारी सकाळपासून माझा फोन खाली राहायचा नाही. पासवर्ड विसरलो, पासवर्ड चालत नाही, पासवर्ड बायकोला माहीत आहे आणि ती माहेरी गेली आहे. कुणी गोठ्याच्या भिंतीवर खडूनं लिहून ठेवलेला, भिंत सारवली. पेठ वडगावच्या एका शेतकऱ्याच्या मुलानं बेंदराला बैलाची शिंगं रंगवताना शिंगावरच पासवर्ड रंगवला, म्हणजे विसरायला नको. पुढे तो बैल साइटवरूनच विकला गेला, बेळगावकडे. मग त्या मुलाच्या वडिलांचा मला फोन, की बैल गेला त्याचं वाईट वाटत नाही, पण पासवर्ड पण गेला. मी त्या बेळगावच्या माणसाला फोन करून बैलाचं शिंग वाचून घेतलं आहे. असलं काम दुसऱ्या कुणी केलं असेल असं मला वाटत नाही.

हे सगळं बंद व्हावं म्हणून बटणाची कल्पना माझ्या डोक्यात आली. दोन हजार आठ-नऊचा सुमार. कॉलेजच्या मुलांची एका मैत्रीच्या साइटवर खाती निघाली होती, त्यांचं बघून काकांची, मामांची. त्या साइटनं सोय केली होती की तिथली ओळख दाखवून दुसऱ्या साइटवर शिरता येईल. समजा तालमीत नवा माणूस आला. वस्ताद त्याला ओळखत नाहीत. पण एक जुना पैलवान म्हणतो, ह्यो आमचा. झालं, दार उघडलं. बटणाचं काम तेवढंच. बटण दाबायचं, मैत्रीची साइट म्हणते हा आमचा आणि आम्ही आत घेतो. नवा पासवर्ड नको, शिंग नको.

कोड मी एका ठिकाणाहून उतरवून घेतला. त्यात एक यादी होती, माणसाबद्दल त्या साइटकडून काय काय मागून घ्यायचं त्याची. नाव, जन्मतारीख, गाव, शिक्षण, लग्न, मित्रांची नावं. मी सगळ्यापुढे खुणा केल्या. शाळा सुटलेल्या माणसाची एक खोड असते. त्याच्यापुढे फॉर्म आला की तो एकही रकाना मोकळा ठेवत नाही. मोकळा ठेवला तर परत पाठवतील, ही भीती. मला वाटलं, विचारतायत म्हणजे लागत असेल. चाचणी म्हणून सगळ्यांत आधी माझ्याच खात्यातून आत शिरलो. दार उघडलं. त्या दिवशी मला वाटलं, नववी नापास गेली खड्ड्यात.

पुढच्या रविवारी फोन वाजला नाही. अण्णा मला गंगावेशीत घेऊन गेले आणि म्हशीचं समोर काढलेलं दूध पाजलं, फेसासकट मोठा पेला. “पावण्यानं बाजार सुधारला की,” असं त्यांनी तिथल्या गवळ्याला सांगितलं. मिशीला फेस लावून मी तो पेला संपवला. अजून चव आहे.

मग तो सोमवार आला.

कागलच्या बाजूच्या हौसाक्का. पाच म्हशी एकटीनं सांभाळायच्या आणि दुधात पाणी घालत नाहीत म्हणून अख्ख्या तालुक्याला माहीत. दुसऱ्या वेताची, लांब शिंगांची एक देखणी म्हैस त्यांनी साइटवर टाकली होती. बाहेरगावी शिकणाऱ्या मुलीनं त्यांचं मैत्रीच्या साइटवर खातं काढून दिलं होतं, त्यामुळे कागलच्या सायबर कॅफेत जाऊन त्या बटण दाबायच्या. घेणारा होता बापू, त्याच भागातला व्यापारी. बाजारात मी फोटो काढायला गेलो होतो, त्यामुळे पुढचं सगळं माझ्या डोळ्यांदेखत झालं.

अण्णांनी आधी बापूचा हात रुमालाखाली घेतला. मग रुमाल तसाच धरून हौसाक्कांचा. बोटं दाबली. बाईंनी वर अण्णांच्या तोंडाकडे बघितलं.

“परत दाबा,” म्हणाल्या.

अण्णांनी परत दाबली.

“वर सरकत न्हाय?”

उत्तर अण्णांनी द्यायचं असतं. पण बापू मागून हसून बोलला, “न्हाय, अक्का. तेवढ्यालाच सुटती ही म्हस. ठावं हाय मला.”

हौसाक्कांनी हात झटकन काढून घेतला. रुमाल खाली शेणात पडला. व्यवहार चालू असताना रुमालाखालून हात ओढून घेणं म्हणजे दलालाच्या तोंडावर थुंकणं, एवढं मलाही माहीत होतं. बाई ओरडल्या नाहीत. हळू बोलल्या, त्यामुळे सगळ्यांना ऐकू गेलं.

“ह्यो आकडा माझ्या पोटात हुता आन तुमच्या. तिसरं कोन न्हवतं, अण्णा.”

अण्णांनी रुमाल उचलला, झटकला, घडी घातली आणि खांद्यावर ठेवला. चाळीस वर्षांत त्यांनी जे कमावलं ते एवढंच, की अण्णाच्या रुमालाखालचं बाहेर जात नाही. दुपारपर्यंत तीन माणसं आपापली जनावरं सोडवून दुसऱ्या दलालाकडे गेली. जाताना अण्णांकडे बघितलंही नाही. परतीच्या जीपमध्ये अण्णा खिडकीबाहेर बघत बसले होते आणि उजवा हात डाव्या हातात झाकून धरला होता.

संध्याकाळी मी कोल्हापुरात साइटच्या ऑफिसात येऊन सर्व्हरची नोंद काढली. कोण कधी कुठल्या मशीनवरून आत आलं ते तिथे दिसतं. हौसाक्कांचं पान शनिवारी दोनदा उघडलं होतं. मध्ये अकरा मिनिटं. कॅफे तोच, मशीन तेच. आणि लगेच त्याच मशीनवरून बापूची मागणी आलेली. मी कॅफेवाल्याला फोन केला. तो म्हणाला, हौसाक्का एकदाच बसल्या आणि गेल्या. त्यांच्या खुर्चीवर पाठोपाठ बापू बसला.

तेव्हा मला कळलं की दारं दोन असतात. एक आमच्या साइटचं, एक मैत्रीच्या साइटचं. बाईंनी जाताना आमच्या साइटवर ‘बाहेर पडा’ दाबलं होतं, म्हणजे आमचं दार बंद झालं. पण पलीकडचं, मैत्रीच्या साइटचं दार उघडंच राहिलं. ते आपोआप बंद होत नाही, मला कुठे माहीत होतं? बापूनं बसल्या बसल्या बटण दाबलं, पलीकडून सांगण्यात आलं, ह्या हौसाक्का, आमच्याच, आणि आम्ही त्याला मोठ्या मानानं आत घेतलं. घरात ज्याचा त्याचा कॉम्प्युटर असेल तिथे हे होत नाही. जिथे अख्खं गाव एका खुर्चीवर पाळीपाळीनं बसतं तिथे होतं. बटण बनवणाऱ्यांनी कागलचा कॅफे पाहिला नव्हता. मी पाहिला होता. म्हणून चूक माझी.

ही गोष्ट जगात मला एकट्याला माहीत होती. आणि लिहायला लाज वाटते, पण मी ती एक दिवस कुणाला सांगितली नाही. मनात एकच, हे कळलं की अण्णा विचारणार, कुठं शिकलास हे? मग बारावी निघणार, मग सगळंच. दुसऱ्या दिवशी दुपारी पाय आपोआप स्टेशनाकडे गेले. गोंदियाची गाडी लागलेली होती. रांगेत उभा राहिलो. खिडकीतल्या माणसानं विचारलं, कुठपर्यंत? सोळाव्या वर्षी या प्रश्नाचं उत्तर मी न अडखळता दिलं होतं. आता तोंड उघडेना. मागचा माणूस म्हणाला, पावणं, हला की. मी हललो, पण रांगेतून बाहेर. तिथून थेट अण्णांच्या घरी.

अण्णा ओसरीवर बसले होते. मी उभ्या उभ्या सगळं सांगितलं. दोन दारं, खुर्ची, अकरा मिनिटं. शेवटी म्हणालो, चूक माझी आहे जी.

“कवा कळालं तुला?”

“काल संध्याकाळी जी.”

अण्णांनी खांद्यावरचा रुमाल काढून मांडीवर ठेवला. मग म्हणाले, “म्हंजे आज दिसभर मी चोर हुतो, आन तुला ठावं हुतं की न्हाय म्हनून.”

या गावानं दिलेलं सगळं एका पारड्यात आणि तो एक दिवस दुसऱ्या पारड्यात, असं कधी कधी वाटतं.

मी वाट बघत होतो की ते जा म्हणतील. ते म्हणाले, “त्या बटनानं लोकांचं काय काय उचललंय, ते समदं कागदावर काढ. उद्या सकाळी मला दाव.”

काढलं. चाळीसेक पानं झाली. अण्णा चष्मा लावून एकेक ओळ वाचू लागले आणि मी समोर उभा. जन्मतारखा बघून त्यांनी विचारलं, “आपल्याला वाढदिवस कशाला? केक कापायचाय?” मित्रांच्या नावांची भेंडोळी बघून म्हणाले, हे तर आख्खं कबनूर हाय. मग एका नावापाशी थांबले. लग्नाच्या रकान्यात त्या गृहस्थानं ‘गुंतागुंतीचं आहे’ असं निवडलं होतं.

“ह्याचं लगीन गुंतागुंतीचं हाय,” अण्णा म्हणाले, “ते म्हस इकताना मला कशाला कळाया पायजे? उद्या त्येच्या तोंडाकडं मी कसं बघू?”

मी म्हटलं, सगळं पुसून टाकतो.

आणि मग माझ्या लक्षात आलं. यादी तारखेनुसार होती. पहिल्या पानावरची पहिली ओळ माझी स्वतःची होती, चाचणीच्या दिवसाची. मैत्रीच्या साइटवर माझे गावाकडचे सोबती होते, तिथे मी खोटं लिहिलं नव्हतं. शिक्षणाच्या रकान्यात लिहिलं होतं, नववी, शाळा सोडली. अण्णांनी वाचायला सुरुवात तिथूनच केली होती. म्हणजे केव्हाच वाचलं होतं.

त्यांनी कागद परत पुढे केले. पहिल्या पानाच्या वरच्या कडेवर त्यांचा अंगठा होता. ती ओळ पूर्ण झाकलेली.

“हे वरलं काय मी वाचलेलं न्हाय,” ते म्हणाले. “फाड आन बंबात घाल समदं.”

गरम पाण्याच्या बंबात मी एकेक पान घातलं. धूर डोळ्यांत गेला असं मी त्यांना सांगितलं.

मग अण्णांनी मला कागलला जायला सांगितलं. म्हणाले, मी गेलो तर सफाई द्यायला आला म्हणतील, तू जा. यष्टीनं गेलो. हौसाक्कांनी बसायला घोंगडं टाकलं आणि म्हणाल्या, “चा घ्या पावणं, पर म्हशीचं बोलू नगा.” मी चहा घेतला आणि म्हटलं, बोलत नाही जी, फक्त कॅफेपर्यंत चला, एक गोष्ट दाखवतो. दोनदा नाही म्हणाल्या. तिसऱ्यांदा पदर खोचून उठल्या.

कॅफेत त्यांनाच खुर्चीवर बसवलं. त्यांनी बटण दाबलं, आपलं पान उघडलं, आतली किंमत बघितली, नेहमीसारखं ‘बाहेर पडा’ केलं आणि उठल्या. त्या खुर्चीवर मी बसलो. एकही अक्षर न लिहिता नुसतं बटण दाबलं. पडद्यावर आलं, नमस्कार हौसाबाई. खाली म्हैस. म्हशीखाली आकडा.

बाई वाकून वाकून बघत राहिल्या. खुर्चीकडे, पडद्याकडे, माझ्याकडे.

“म्हंजे मी उठले, तरी मी हितंच बसलेली हाय की.”

असं नेमकं मला पुढे कुठल्याच पुस्तकात वाचायला मिळालं नाही.

“मग अण्णानं न्हाय सांगितलं?”

“नाही जी. माझ्या बटणानं सांगितलं. बापूला पण ठाऊक नसेल तो कुठे शिरला ते.”

कॅफेवाल्यानं बापूला बोलावून आणलं. तो गोंधळून गेला. त्याच्या मते साइटनंच आकडा दाखवला होता, त्याला वाटलं ही नवीन सोय आहे, बटणाबरोबर आलेली. वर हौसाबाईंचं नाव दिसलं ते म्हैस त्यांची म्हणून, असं तो म्हणाला, आणि मागणी त्यानं नंतर आपल्या जुन्या पासवर्डनं शिरून टाकली होती. त्यात लबाडी नव्हती असं नाही, पण चोरी नव्हती.

“तुमी शिकल्याली मानसं,” हौसाक्का मला म्हणाल्या, “आन तुमास्नी कसं ध्येनात आलं न्हाय?”

कोल्हापुरात आल्यापासून जे मी कुणाला सांगितलं नव्हतं, ते तिथे कॅफेत बोललो. म्हटलं, मी शिकलेला नाही जी. नववी नापास आहे.

“व्हय?” बाई म्हणाल्या. “मी तिसरी. म्हंजे माझ्या तिप्पट शिकलायस की रं. मग बस आन नीट कर ते.”

तीन दिवस बसलो. आधी ती लांबलचक यादी काढून टाकली. मैत्रीच्या साइटकडून आता फक्त नाव घ्यायचं, दुसरं काही मागायचं नाही, दिलं तरी घ्यायचं नाही. आमचं ‘बाहेर पडा’ दाबलं की पलीकडचं दारही ओढून घ्यायचं, हे जमवायला एक अख्खा दिवस गेला. पण कॅफेची खुर्ची म्हटली की माणूस ‘बाहेर पडा’ न दाबताच उठणार. टेम्पो सुटतो, पोर रडतं, वीज जाते. तेव्हा बटण एवढंच सांगणार की हा माणूस ओळखीचा आहे. आतली किंमत मात्र त्यावर उघडणार नाही. तिच्यावर काहीतरी झाकण पाहिजे.

अण्णांकडून त्यांचा रुमाल मागून घेतला आणि छापखान्यातल्या स्कॅनरवर अंथरला. आतल्या किमतीच्या जागी आता सगळ्यांनाच, घेणाऱ्यालाही, लाल चौकड्यांचा रुमाल दिसू लागला आणि रुमालावर हाताचं चित्र, पाच बोटं. आपण ठरवलेल्या क्रमानं बोटं दाबायची. चार वेळा दाबायचं. क्रम बरोबर असेल तर रुमाल सरकतो. अक्षर नाही, आकडा नाही, शिंगावर रंगवण्यासारखं काही नाही. वडगावच्या बाजारातल्या माणसाला बोटांचा क्रम लक्षात ठेवायला शिकवावं लागत नाही. तीच तर त्याची विद्या. अण्णांना दाखवलं तेव्हा त्यांनी चित्रातल्या हाताकडे बघून एकच तक्रार केली, की पहिलं बोट अख्खं का काढलंस.

सोमवार उजाडला. अण्णांनी बाजारात कुणाला काही सांगितलं नाही. ठरल्या जागी उभे राहिले, खांद्यावर तोच रुमाल. त्यांच्याभोवती नेहमी गर्दी असायची, त्या दिवशी दोन-चार माणसं. मी म्हशींच्या मागे उभा राहून हौसाक्का येतात का ते बघत होतो.

त्या आल्या. म्हैस घासूनपुसून, शिंगांना तेल लावून आणलेली. बापूला कळलेली आतली किंमत त्यांनी साइटवर आधीच बदलली होती. मागून बापूही आला. तो आदल्या दिवशी कॅफेत बसून आला होता आणि कुरकुरत होता, “नुस्तं फडकं दिसतंय आता.” दोघंतिघं हसले.

हौसाक्का सरळ अण्णांपुढे गेल्या. माफी वगैरे काही मागितली नाही. अण्णांच्या खांद्यावरचा रुमाल स्वतःच्या हातानं काढला, झटकला, त्यांच्या उजव्या हातावर पसरला आणि खाली आपला हात घातला.

“दाबा,” म्हणाल्या.

विकणाऱ्यानं दलालाचा रुमाल स्वतः उचलून पसरलेला त्या बाजारात कुणी पाहिला नव्हता. अण्णांचे डोळे भरले होते का, सांगता येणार नाही, ते म्हशीकडे बघत होते. बापूचा हात तीनदा रुमालाखाली गेला आणि तीनदा बाहेर आला. दरवेळी त्याचा चेहरा जरा जास्त कडू. चौथ्यांदा हौसाक्कांनी मान हलवली. दावं बापूच्या हातात गेलं. आकडा किती ते मला माहीत नाही आणि आठवडाभर आधी शेणात पडलेल्या त्या रुमालाखाली तो कुणालाच कळला नाही, याच्याएवढा आनंद मला पुढे कशाचा झाला नाही. गेल्या सोमवारी निघून गेलेले तिघं दुपारी एकेक करून परत आले. एकानं नुसतं विचारलं, अण्णा, जागा हाय न्हवं?

पुढे ती साइट बरीच वर्षं चालली. आता सगळीकडे तसली बटणं झाली आहेत. दूध मागवा, बस काढा, बटण दाबा आणि आत या. मी प्रत्येक वेळी थांबून वाचतो, हे बटण माझं काय काय मागतंय. घरातले कंटाळतात. पण लोकांची चाळीस पानं मी बंबात घातली आहेत. वाचल्याशिवाय मला दाबवत नाही.

त्या सोमवारी बाजार उठल्यावर अण्णांनी मला हाक मारली. पावणं नाही म्हणाले. म्हणाले, “देवा, हिकडं ये.” माझं नाव देवराव, ते त्यांना ठाऊक आहे हेच मला ठाऊक नव्हतं. जवळ गेलो. त्यांनी माझा हात धरला आणि वर रुमाल टाकला. आजूबाजूला दहा-बारा माणसं बघत होती. अण्णा मोठ्यानं विचारत होते की गोंदियाकडं भात कसा असतोय, आणि आत बोटं दाबत होते. माझा पगार. मला आकडा कळला, खरा वाटला नाही, म्हणून मी हलकेच त्यांचं अर्धं बोट दाबलं, म्हणजे परत सांगा. त्यांनी परत तोच दाबला.

“भात चांगला असतो जी,” मी मोठ्यानं म्हणालो.

रुमाल उचलला गेला. तो आकडा किती होता हे लग्नानंतर बायकोनं कितीदा तरी विचारलं आहे. मी तिलाही सांगितलेलं नाही.